उणे अठरा

सकाळी कॅम्पात, मटण मार्केटच्या ओल्या फरशीवर,
एकनाथ घोडक्यांच्या दुकानात
टांगलेला बोकड मी फिरवून फिरवून पाहिला.
मांडीवर शिक्का होता, जांभळा, पण अर्धाच उठलेला;
शेवटचा आकडा तीन की आठ, कळेना.
मी पंचनामा लिहायला घेतला.
"बाई, आठच आहे तो," हात पुसत ते म्हणाले,
"गड्याची शाई संपत आली की असाच उठतो."
मला ठाऊक होतं.
तरी लिहिलं.
नियम म्हणजे नियम, हे वाक्य तोंडात आलं की
माझा आवाज शाळेतल्या बाईंसारखा होतो,
म्हणून ते तेवढं गिळलं.

दुपारी फुरसुंगी. शीतगृह.
तिथं मला आधी कॉफी,
मग अंगात घालायला जाड कोट, कुणाच्या तरी अत्तराचा वास असलेला,
मग फाइल.
काय फाइल होती!
चार भाषांत, पानापानावर उठावाचा शिक्का,
अंधारात बोटाने वाचता येईल असा.
मेंढी कुठं जन्मली, काय चरली,
कुणी तपासली, कोणत्या मंगळवारी मेली.
आमच्याकडे माणसाची एवढी नोंद सापडत नाही.

मॅनेजर नवरंगे म्हणाले,
"मॅडम, तिकडचे नियम आपल्याहून कडक.
आपण काय तपासणार त्यांना?"
'त्यांना' असं म्हणाले,
जसं व्याह्यांबद्दल बोलावं.

मी पेटी मागितली. दाराजवळची नको,
आतली, डावीकडची, खालून तिसरी.
तिचा पुठ्ठा तळाशी फुगून वाळलेला,
आणि पिशवीच्या कोपऱ्यात
गुलाबी पाणी, एकदा सुटून पुन्हा थिजलेलं.
फाइलमध्ये हे पान नव्हतं.
समुद्र ओलांडेपर्यंत सगळं शिस्तीत;
मग बंदर, मग घाट, मग कुठंतरी
कंटेनरचं यंत्र बंद, ड्रायव्हर जॅक शोधत,
आणि ऊन आपलं नेमाचं.
उन्हाला चारही भाषा येत नाहीत.

माझी सुई मात्र उणे अठराच दाखवत होती.
खोटं नव्हती बोलत.
फक्त आजचं बोलत होती.

आई म्हणते, तुझी नोकरीच दुसऱ्याचं उणं काढायची.
अजून दारात पाऊल ठेवलं की आधी पाय धू म्हणते.
आमच्या घरी अंडंसुद्धा येत नाही
आणि मला दातांवरून मेल्या जनावराचं वय सांगता येतं.
तेव्हा चवीच्या भांडणात माझा पक्ष नाही.
कोरेगाव पार्कात ते काटा-सुरीने खातील,
भवानी पेठेत रस्सा ओरपतील,
रात्री दोन वाजता पोट धरून बसायची वेळ आली
तर दोघंही सारखेच बसतील.

चार नमुने घेतले. सील केले. माल अडकवला.
नवरंगेंचा फोन वर गेला,
वरून माझ्याकडे आला.
"कागद पूर्ण आहेत ना?" साहेब.
"हो सर. कागद अगदी ताजे आहेत."
पलीकडे पंख्याचा आवाज. मग, "बघू."
'बघू'वर वापरण्याची अंतिम तारीख
कुठंच छापलेली नसते.

संध्याकाळी पुन्हा कॅम्पातून.
माझ्या स्कूटरच्या आधी बातमी पोचलेली.
"फुरसुंगीला जाऊन आलात म्हणे," दुकान धुता धुता घोडके,
"आमच्या बोकडाचे दात मोजता,
त्यांच्या मेंढीला नुसता रामराम?"
"अडकवलंय."
त्यांनी पाइप बंद केला. मला वाटलं, हसतील.
"मग माझा दंड?"
"तोही आहे."
त्यांनी मान हलवली.
होय की नाही, कळेना;
तीन की आठ, तशीच.
मग पोत्यातून ओंजळभर जाडं मीठ घेतलं
आणि ओंडका घासायला लागले,
माझ्याकडे पाठ करून,
कडेपासून आत, कडेपासून आत.